पासाऊ : डॅन्यूबकाठच्या सायकल सहलीआधीचा मुक्काम

पासाऊ ते व्हिएन्ना हा डॅन्यूब नदीकाठचा सुमारे ३२० किलोमीटरचा सायकल मार्ग आमच्या सोलापूरच्या गटाने पूर्ण केला, तेव्हापासून त्याविषयी विचारणा करणारे बरेच जण भेटतात. चढ किती आहेत, रोज किती अंतर कापावे लागते, सामान कोण पोहोचवते, हे सगळेच विचारतात आणि त्याची उत्तरे कोणत्याही सहल कंपनीच्या माहितीपत्रकात मिळतात. सहल जेथून सुटते त्या पासाऊ शहराविषयी मात्र फारसे कोणी विचारत नाही, कारण माहितीपत्रकात त्याच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आलेली असते : आगमन, शहराचा फेरफटका, सायकलींचे वाटप, रात्रीचे जेवण. हे परीक्षण त्या ओळीत आटोपलेल्या सेवेचे आणि त्या शहराचे आहे. माझे मत आधीच नोंदवतो. कंपनीचा फेरफटका तोंडओळखीपुरता चांगला आहे. पण तेवढ्यावरच भागवले, तर पुढे आठवडाभर जिच्या काठाने जायचे त्या नदीविषयी काहीही न कळता आपण सायकलवर बसतो. ज्यांना रजा आणि खर्च जमत असेल त्यांनी येथे किमान एक जादा रात्र स्वतंत्रपणे घ्यावी.

पासाऊ हे जर्मनीच्या आग्नेय टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेला अगदी लागून असलेले बव्हेरिया राज्यातील शहर आहे. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास आहे. डॅन्यूब आणि इन या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर जुने शहर वसलेले आहे आणि तिसरी इल्झ नदी उत्तरेकडून येऊन त्यांना मिळते. एका नदीच्या काठावरून दुसऱ्या नदीच्या काठावर पायी जायला काही मिनिटे पुरतात, आणि मधल्या गल्ल्या इतक्या अरुंद, चढउताराच्या आणि दगडी फरसबंदीच्या आहेत की सायकल मिळाली तरी ती येथे बाजूला ठेवून चालणेच इष्ट. १६६२ साली लागलेल्या आगीत हे शहर जवळजवळ बेचिराख झाले. त्यानंतर इटालियन कारागिरांच्या हातून ते नव्याने उभे राहिले, म्हणून जर्मनीत असूनही त्याच्या चेहऱ्यावर इटलीची छाया दिसते. घरांच्या दर्शनी भिंती वरपर्यंत सरळ चढवून उतरती छपरे त्यांच्यामागे झाकलेली आहेत. आगीची झळ एका घरावरून दुसऱ्या घरावर जाऊ नये म्हणून या भागातील गावांनी स्वीकारलेली ही बांधणी आहे, हे एकदा कळले की प्रत्येक गल्लीत मान आपोआप वर जाते.

कंपनीचा फेरफटका संध्याकाळी, म्हणजे बहुतेक मंडळी विमान आणि रेल्वेच्या प्रवासाने थकून आल्यावर लगेचच होता. मार्गदर्शक बाईंचे ज्ञान चांगले होते, त्यांचे इंग्रजी स्पष्ट होते आणि प्रश्नांना त्या मनापासून उत्तरे देत होत्या. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती नियोजनाबद्दल. कॅथीड्रलमध्ये जेमतेम दहा मिनिटे मिळाली, टेकडीवरचा किल्ला खालूनच बोट करून दाखवण्यात आला, नद्यांच्या संगमाकडे निघालो तोच जेवणाची वेळ झाल्याची सूचना आली आणि जेवणानंतर अंधारात सायकलींच्या सीटची उंची ठरवण्याची घाई झाली. आमच्यापैकी काही जण आधीच येऊन शहर पाहून झालेले होते, म्हणून आम्हाला ती संध्याकाळ उजळणीसारखी वाटली. ज्यांच्यासाठी ती पहिली आणि शेवटची भेट होती, त्यांना दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा हिरवे घुमट आणि सूप एवढेच आठवत होते. पैसे दोघांनीही सारखेच भरले होते.

ते हिरवे घुमट संत स्टीफन कॅथीड्रलचे आहेत. १६६२ च्या आगीनंतर कार्लो लुरागो या इटालियन वास्तुविशारदाने ते बरोक शैलीत पुन्हा उभारले, पण आगीतून बचावलेला जुना गॉथिक शैलीचा पूर्वेकडचा भाग त्याने तसाच सामावून घेतला. म्हणून इमारतीला बाहेरून पूर्ण वळसा घालावा : समोरून जे एका काळाचे वाटते, ते मागच्या चौकातून पाहिल्यावर दोन काळांचे असल्याचे दिसते. आत पांढऱ्या चुन्याचे नक्षीकाम इतके दाट आहे की नजर कोठे ठेवावी ते सुरुवातीला कळत नाही. येथे खरे जायचे ते मात्र कानांसाठी. या कॅथीड्रलचा ऑर्गन जगातील सर्वांत मोठ्या ऑर्गनांपैकी एक आहे. त्याच्या नळ्यांची संख्या १७,९७४ अशी सांगितली जाते. तो एका जागी नाही, पाच ठिकाणी विभागलेला आहे, आणि एकच वादक मुख्य वादनपीठावरून पाचही भाग वाजवू शकतो. उन्हाळी हंगामात दुपारी बाराच्या सुमारास अर्ध्या तासाचे वादन होते. त्याला लहानसे तिकीट असते. दिवस आणि वेळ आधी तपासून घ्यावी, कारण रविवारी आणि सणाच्या दिवशी हे वेळापत्रक लागू नसते.

संगीत नाटकांच्या साथीचा पायपेटीचा ऑर्गन ऐकून वाढलेल्या माणसाला हे वाद्य परके वाटू नये असे मी धरून चाललो होतो आणि पहिले काही सूर तसेच ओळखीचे वाटलेही. मग खालच्या पट्टीतल्या मोठ्या नळ्या सुरू झाल्या आणि तो आवाज कानांआधी बाकाच्या लाकडातून पाठीला जाणवू लागला. थोड्या वेळाने अगदी बारीक, दुरून आल्यासारखा सूर डोक्यावरच्या छतातून उतरला. ऑर्गनचा एक भाग छताच्या वर, माळ्यावर बसवलेला आहे आणि त्याचा आवाज छतातील झरोक्यातून खाली येतो. आजूबाजूचे सगळे श्रोते त्या वेळी वर पाहत होते. ज्या गटाला पासाऊमध्ये एकच गोष्ट पाहण्याएवढा वेळ आहे, त्याने ही मैफल निवडावी. संध्याकाळच्या फेरफटक्यात ती कधीच बसणार नाही.

दुसरी जागा नगरपालिकेच्या इमारतीची, डॅन्यूबच्या काठावरच्या चौकातली. तिच्या भिंतीवर महापुरांच्या पातळ्यांच्या खुणा आणि साल कोरलेले आहेत. सोलापूरकर माणूस या भिंतीसमोर जरा जास्त वेळ उभा राहतो. आपण नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार याचा हिशेब ठेवून घर चालवणारी माणसे. इतके पाणी नकोसे झालेल्या गावाची कल्पना आपल्याला सहजी येत नाही. २०१३ च्या जूनमध्ये डॅन्यूब येथे १२.८९ मीटरपर्यंत चढली. १९५४ च्या महापुरात ती १२.२० मीटरवर गेली होती, आणि २०१३ च्या वर केवळ १५०१ सालची खूण आहे. भिंतीला पाठ लावून उभे राहिल्यास या खुणा डोक्याच्या कितीतरी वर राहतात. चौकात चहा पिणाऱ्या माणसांकडे पाहिले आणि मग ती रेघ पाहिली की दोन्हींचा मेळ बसायला वेळ लागतो. या भिंतीचा उपयोग पुढे सहलीत झाला. काठावरच्या अनेक गावांत घरांच्या दारांशी अशाच रेघा दिसतात, आणि काही ठिकाणी काठाच्या कठड्यात ठरावीक अंतरावर खाचा केलेल्या असतात, ज्यांत पुराच्या वेळी खांब आणि फळ्या बसवून तात्पुरती भिंत उभी करतात. पासाऊची भिंत नीट पाहिलेल्यांना त्या खाचा कशासाठी आहेत हे कोणाला विचारावे लागले नाही.

जुन्या शहराच्या पूर्व टोकाला तीन नद्यांचा संगम आहे. येथे एक छोटी बाग आहे, बाकडी आहेत, तिकीट नाही. डावीकडून डॅन्यूब येते, तिचे पाणी तपकिरीकडे झुकणारे. उजवीकडून इन येते, ती आल्प्समधल्या हिमनद्यांचे पाणी आणते, म्हणून तिचा रंग फिकट, दुधाळ हिरवा. इल्झ बव्हेरियाच्या जंगलातल्या दलदलीतून येते आणि जवळजवळ काळी दिसते. ही तीन पाणी लगेच एकमेकांत मिसळत नाहीत. बऱ्याच अंतरापर्यंत तीन पट्टे शेजारी शेजारी वाहताना स्पष्ट दिसतात, त्यांच्या सीमेवर बारीक भोवरे फिरत असतात आणि इनचा हिरवा पट्टा हळूहळू बाकीच्यांना व्यापत जातो. वार्षिक सरासरीने पाहिले तर येथे इन नदीच डॅन्यूबपेक्षा अधिक पाणी आणते, तरीही पुढचा सगळा प्रवाह डॅन्यूब म्हणूनच ओळखला जातो. सकाळी लवकर, नदीपर्यटनाच्या मोठ्या बोटींतील प्रवासी उतरण्याआधी गेल्यास ही जागा निवांत मिळते. दहानंतर तेथे बसायला बाकडे मिळेल याची खात्री नाही.

याच काठावर मिठाच्या व्यापाराची गोष्ट समजून घ्यावी, कारण सायकल मार्गाशी तिचा थेट संबंध आहे. आल्प्सकडच्या खाणींतील मीठ इन नदीतून होड्यांनी पासाऊला येत असे आणि येथून खेचरांच्या पाठीवर लादून ‘सोनेरी वाट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रस्त्याने बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, जात असे. शहराची श्रीमंती त्या मिठाची. प्रवाहाच्या दिशेने नाव आपोआप जाते, पण प्रवाहाविरुद्ध ती न्यायची तर काठावरून घोड्यांनी दोर लावून ओढावी लागे. त्यासाठी पाण्याला लागून सपाट वाटा काढल्या होत्या. आज डॅन्यूबकाठी आपण ज्या मार्गाने सायकल चालवतो त्याचा पुष्कळसा भाग या जुन्या वाटांवरूनच जातो. मार्गाला चढ नाहीत याचे श्रेय अभियंत्यांइतकेच त्या घोड्यांनाही आहे. इनच्या काठावर चौदाव्या शतकातला गोल, पांढरा शाइब्लिंग बुरूज मिठाच्या त्या काळाची साक्ष देत उभा आहे. तो रस्त्यात लागतो, पाहून पुढे जावे.

डॅन्यूबच्या पलीकडे टेकडीवर ओबरहाउस हा किल्ला आहे. तो १२१९ साली बांधायला घेतला गेला. पासाऊचे बिशप धर्मगुरूही होते आणि राज्यकर्तेही. ही दुहेरी सत्ता १८०३ पर्यंत टिकली. किल्ला शत्रूपासून संरक्षणासाठी होता हे खरे, पण त्याचा धाक शहरातल्या नागरिकांवरही होता. १२९८ आणि १३६७ मध्ये नागरिकांनी बिशपांविरुद्ध उठाव केले आणि दोन्ही वेळा ते फसले. वर उभे राहून खाली पाहिले की कारण कळते : प्रत्येक गल्ली, प्रत्येक पूल, प्रत्येक होडी तेथून दिसते. झुलत्या पुलावरून पलीकडे जाऊन पायऱ्यांनी चढता येते आणि हंगामात नगरपालिकेच्या चौकातून वर जाणारी बसही असते. ज्यांचे गुडघे पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवायचे आहेत त्यांनी बसने जावे, उतरताना चालावे. संग्रहालय चांगले आहे, तथापि वेळ कमी असल्यास ते वगळून केवळ तटावरून दिसणाऱ्या दृश्यासाठी जाणेही सार्थ ठरते. दुसऱ्या दिवशी सायकलने ज्या वळणामागे दिसेनासे व्हायचे आहे, ते वळण तेथून दाखवता येते.

इनच्या पलीकडच्या टेकडीवर मारियाहिल्फ हे यात्रास्थान आहे. तेथे जायला ३२१ पायऱ्यांचा छप्पर असलेला जिना आहे आणि भाविक प्रत्येक पायरीवर थांबून प्रार्थना म्हणत वर जातात. १६८३ साली तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला तेव्हा सम्राट लिओपोल्ड पहिला पासाऊला आश्रयाला आला होता आणि येथे प्रार्थना करीत असे. आमच्या गटात दरवर्षी कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणारे एक काका होते. त्यांनी जिन्यात कोणी काही न सांगता बूट काढून हातात घेतले आणि भिंतीवर लावलेल्या नवसफेडीच्या पाट्या पाहत सावकाश वर गेले. खाली उतरणाऱ्या एका वृद्ध बाईंनी त्यांना बाजूला होऊन वाट दिली व मान लववली. बाकीच्या गटाने मग त्या जिन्यात मोठ्याने बोलणे बंद केले. पर्यटन म्हणून जाणाऱ्यांनीही तेथे एवढे भान ठेवावे.

इतर गोष्टींविषयी थोडक्यात. बोहेमियन काचेचे संग्रहालय फार मोठे आहे, आवड असेल तरच जावे, नाहीतर दुसऱ्या दालनानंतर सगळे पेले सारखे दिसू लागतात. तीन नद्यांची सुमारे पाऊण तासाची बोटीतली फेरी सुखद आहे, परंतु किल्ल्यावर गेलेल्याला तीत नवे काही मिळत नाही. ज्येष्ठ मंडळींसाठी मात्र ती उत्तम. इनपलीकडचे रोमन किल्ल्याचे अवशेष आणि लहान संग्रहालय गर्दीपासून दूर आहे, आणि डॅन्यूब ही कित्येक शतके रोमन साम्राज्याची सीमा होती हे तेथे नीट समजते.

जेवणाच्या बाबतीत शाकाहारी मंडळींनी थोडे सावध असावे. चीज घातलेले श्पेट्झ्ले (पिठाच्या आखूड, जाड शेवया) हा पदार्थ सर्वत्र शाकाहारी म्हणून मिळतो आणि चवीला चांगला आहे, पण त्याच्या पिठात अंडे असते. मेच्या आसपास गेल्यास पांढऱ्या शतावरीचे पदार्थ मिळतात. त्यांचा हंगाम २४ जूनला संपतो. भाजलेले प्रेट्झेल आणि ताजा पाव बेकरीत मिळतो. रविवारी जर्मनीत दुकाने बंद असतात, म्हणून गट शनिवारी पोहोचत असेल तर सायकलवर लागणारी फळे, पाणी, सुका खाऊ त्याच दिवशी घेऊन ठेवावा. घरून कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेता येते आणि ती पुढे फार कामी आली. मात्र मांसाचे आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशांना नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे आणि तूप सामानात ठेवू नये.

सायकलींची सेवा एकंदर समाधानकारक होती. सायकली भक्कम, पिशव्या पावसात टिकणाऱ्या आणि टायर नवे होते. आधी कळवायला हवी अशी एक बाब आहे : तेथील अनेक भाड्याच्या सायकलींना पॅडल उलटे फिरवले की लागणारा मागचा ब्रेक असतो. सोलापुरात तुळजापूर रस्त्याला वर्षभर सराव केलेल्या पायांना त्याची सवय नसते आणि सिग्नलला पॅडल नीट करण्यासाठी मागे फिरवले की सायकल जागच्या जागी थांबते. आरक्षण करतानाच पॅडल उलटे मोकळे फिरणारी सायकल मागावी. ती बहुतेक ठिकाणी मिळते. वाटप दिवसाउजेडी करावे, आणि प्रत्येकाला सायकलवर बसून इनच्या काठाने एक फेरी मारायला मिळावी, अशी सूचना आम्ही कंपनीला लेखी कळवली आहे. वाहने उजव्या बाजूने चालतात, ही सवय होण्यासाठीही ती फेरी लागते.

पोहोचण्याची सोय सरळ आहे. सोलापूरहून मुंबई, तेथून विमानाने म्युनिक आणि पुढे रेल्वेने सुमारे सव्वादोन तासांत पासाऊ. पाचपर्यंत लोकांचा गट असेल तर प्रादेशिक गाड्यांसाठीचे बव्हेरिया तिकीट स्वस्त पडते, पण आठवड्याच्या कामकाजाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालते आणि जलद गाड्यांत चालत नाही. मुक्काम जुन्या शहरात किंवा रेल्वे स्थानकाजवळ घ्यावा. टेकडीवरची हॉटेले स्वस्त असली तरी प्रत्येक वेळी चढ पदरात पडतो. व्हिसाच्या अर्जाआधी रात्रींचा हिशेब मांडावा. शेंगेन व्हिसासाठी अर्ज ज्या देशात सर्वाधिक काळ राहणार त्या देशाकडे करायचा असतो, आणि पासाऊ ते व्हिएन्ना सहलीत बहुतेक रात्री ऑस्ट्रियात जातात. पासाऊमध्ये जादा मुक्काम घेतला आणि म्युनिकही जोडले, तर हे गणित जर्मनीकडे झुकू शकते किंवा दोन्ही देशांच्या रात्री समसमान होऊ शकतात. तसे झाल्यास ज्या देशात प्रथम प्रवेश करणार त्याच्याकडे अर्ज करावा लागतो. म्हणून जादा रात्रीचा निर्णय गटात आधीच घ्यावा आणि हॉटेलचे आरक्षण त्याच नोंदींसह अर्जाला जोडावे.